किल्ल्यातले भांगाचे दिवस

शाळेच्या पुस्तकात एक व्याख्या होती. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात. ती मी इतकी घोकली होती की झोपेतून उठवून विचारली असती तरी आली असती. फक्त उभं राहून सांगता आली नसती, कारण चार माणसांसमोर उभं केलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. गुरुजींनी शेवटी ती पाटीवर लिहून घेतली आणि मला चौथी पास केलं. पुढं शाळा सुटली, लग्न झालं, गिरीजच्या वाडीत आले. बेट काही पाहिलं नाही. आणि बेट तर गाडीनं आणि होडीनं मिळून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं.

लोक काशीला जातात आणि आल्यावर वर्षभर सांगत बसतात. मी अर्नाळ्याच्या किल्ल्यात जाऊन आले. परत आल्यावर घरच्यांनी मला एकच विचारलं, 'तू त्याला काय सांगितलंस?' तिथं काय पाहिलंस, काय खाल्लंस, हे कुणी विचारलं नाही. म्हणून दुपारी सगळे आडवे झाल्यावर हे लिहिते. ज्यांनी किल्ला पाहिला नाही त्यांना उपयोग होईल. अर्थात हे मी कुणाला दाखवणार नाही, तेव्हा उपयोग कसा होईल ते मला माहीत नाही.

गिरीजहून निघताना

मला पाठवलं ते धाकट्या दिरांना आणायला. गजानन त्यांचं नाव. पहाटे रहाटावर बैल धरायचं काम त्यांचं. माघ लागला आणि एके सकाळी ते उशिरा उठले. हे म्हणाले, "बसून खायची सवय लागलीय तुला." यांचं बोलणं तेवढंच असतं, पण ते लागतं. गजाभावोजी म्हणाले, "बसून खातोच आहे, तर जिथं बसायला मिळतं तिथं जाऊन खातो." आणि गेले. कुठं गेले ते आठ दिवस कळलं नाही. इकडे यांची कंबर आधीच धरलेली, त्यात पहाटेचा रहाट. पाण्यावाचून केळी पिवळ्या पडायला लागल्या.

मग एक दिवस पारूबाई आली. ती अर्नाळ्याच्या किल्ल्यातून आमच्या गावात बोंबील विकायला येते. तिनं टोपली उतरवली आणि बोंबील मोजता मोजता सांगितलं, "तुमचा गजा आमच्याकडं हाय. आमच्या जान्याचा दोस्त ना तो. मजेत हाय."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बारशीला, म्हणजे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, केळव्याहून गजाभावोजींसाठी बघितलेल्या मुलीचे वडील घर पाहायला यायचे होते. घर दिसणार, वाडी दिसणार, मुलगा तेवढा दिसणार नाही. तसं झालं असतं तर ही सोयरीक मोडली असती, आणि रुसून गेलेला मुलगा तिकडेच राहिला असता. यांनी जाऊन आणायचं, तर भांडण यांच्याशीच. सासूबाईंना होडीत चक्कर येते. राहिले मी.

"तुझं तो ऐकतो," सासूबाई म्हणाल्या.

माझं कुणी ऐकायला मी कधी बोललेच नव्हते. पण तसं म्हणायलाही बोलावं लागलं असतं.

सासूबाईंनी वाक्य तयार करून दिलं. 'भावोजी, आईंनी प्राण डोळ्यांत आणलेत, बारशीच्या आत घरी चला.' ते मी बेटाच्या व्याख्येसारखं पाठ केलं. निघताना यांनी केळीच्या सोपटात, खोडाच्या वाळल्या सालीत, बांधलेली सुकेळ्यांची एक जुडी माझ्या गाठोड्यावर ठेवली आणि हे बावखलाकडे, वाडीतल्या तळ्याकडे, निघून गेले. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. गजाभावोजींना लहानपणापासून त्यांचं वेड. ती करायला सात-आठ दिवस लागतात, तेव्हा भांडणानंतर लगेच घातली असणार. मी ते मनात जुळवलं, पण त्यावर बोलले नाही. आमच्या घरात बोलतात त्या फक्त सासूबाई.

अर्नाळ्याचा किनारा

शेजारच्या बस्त्यावची गाडी भाजी घेऊन आगाशीच्या बाजाराला जात होती. वांग्यांच्या पाट्यांमध्ये पारूबाई आणि मी बसलो. निर्मळ गाव मागे पडलं तेव्हा मला परदेशी आल्यासारखं वाटलं. आगाशीपासून पुढं चालत गेलो. माडांच्या पलीकडे एकदम समुद्र दिसला आणि समुद्रात, हात लांब केला तर लागेल असा, काळा तट. व्याख्या अगदी बरोबर होती.

होडी मात्र वाळूत कुशीवर पडली होती. पारूबाई सावलीत पाय पसरून बसली आणि म्हणाली, "पानी भरला का निघू."

आता यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पाणी भरून झालं की निघायचं. माझ्या मनात बारस होती, घाई होती. शेजारी एक झोपडं होतं, दारात रिकामे हंडे होते, जवळच विहीर होती. घरात कुणी दिसेना. पारूबाई दमलेली, तिनं तरी कुठवर करावं, असं म्हणून मी पदर खोचला आणि भरायला लागले. हंडे भरले, कळशी भरली, कोंबड्यांची थाळी भरली. मग एक मोठं मडकं होतं तेही भरलं. त्यात सुकवलेली कोळीम, म्हणजे बारीक जवळा, होती हे मागाहून कळलं.

घरची बाई आली आणि मडक्यात बघून ओरडली, "कोन गो ही? माझी कोलीम भिजवली."

पारूबाई धावत आली. "वैनी, काय करतेस?"

मी अगदी हळू म्हटलं, "पाणी भरते. तुम्ही म्हणालात ना, भरलं की निघू."

पारूबाई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग वाळूत बसली आणि पोट धरून हसली. "अगो बाय, दर्याचा पानी. भरतीचा."

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. तिचाही धडा होता. पण मी वाडीतली. आमच्या बावखलाचं पाणी सकाळी असतं तिथंच संध्याकाळी असतं, ते कुठं जात नाही आणि कुठून येत नाही. आमच्याकडे पाणी भरतात बायका, आणि त्यांनाही कुणी भरती म्हणत नाही.

खरी भरती आली तेव्हा होडी उभी राहिली, पण किनाऱ्यापासून लांब. पारूबाई म्हणाली, लुगडं वर घे नि चाल. पोटऱ्या दिसतील म्हणून मी तिथंच खिळले. नावाडी म्हणाला, "मी घेतो उचलून." ते ऐकून माझे पाय आणखीच रुतले. शेवटी पारूबाईनं टोपली डोक्यावर ठेवली, मला कमरेवर घेतलं आणि चालायला लागली. मी तिच्याहून उंच आहे. पोटऱ्या झाकायच्या म्हणून मी त्या हवेत धरून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या होडीतल्या सगळ्यांना नीट दिसल्या.

कोळीम भिजवल्याची गोष्ट मात्र आमच्या आधी पलीकडे पोचली. होडीतून एकानं किनाऱ्यावरच्याला ओरडून सांगितली, त्यानं पुढच्याला. मी उतरले तेव्हा बायका म्हणत होत्या, "ही काय गो, पानीवाली?"

किल्ल्यात

गाव किल्ल्याच्या बाहेर वाळूवर आहे, पण सगळे म्हणतात किल्ल्यातच. मी आधी तटाच्या आत गाव शोधत होते. आत देवळं आहेत, गोड्या पाण्याचं तळं आहे, लोक भाजीही लावतात. माणसं राहतात बाहेर, माडांत, वाऱ्यावर.

त्या वाऱ्याबद्दल लिहायला हवं. तो थांबत नाही. त्यामुळे तिथं कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात. 'मीठ दे गो' हेसुद्धा असं म्हणतात की आमच्याकडे लोक काठ्या घेऊन धावतील. गुपितही ओरडूनच सांगतात, पण त्याआधी इकडे तिकडे बघून घेतात. आमच्या वाडीत पान पडलेलं ऐकू येतं. तिथं वाढलेला माझा आवाज त्या वाऱ्यात माझ्याच कानापर्यंत पोचेना.

पारूबाईच्या म्हाताऱ्या सासूनं माझी विचारपूस केली. मी उत्तरं दिली. तिनं पारूबाईला विचारलं, "पोर मुकी हाय काय गो?"

"नाय गो आये. वाडीतली हाय."

"अगोबाय," म्हातारी म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

गजाभावोजी जाळ्याच्या ढिगावर उताणे पडले होते. शेजारी पारूबाईचा मुलगा जान्या पडला होता, त्याच्या पलीकडे आणखी चार जण. एक जण गात होता, पण शेवट येण्याआधीच थांबत होता. उठायचं कुणाच्या मनात नव्हतं. मला पाहून भावोजी उठून बसले. डोळे लाल होते.

"वहिनी, तुम्ही?"

मी वाक्य म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न चुकता. वारा ते गुजराथेत घेऊन गेला.

"काय म्हणालात?"

"काही नाही. सुकेळी आणलीत."

त्यांनी जुडी हातात घेतली, सोपटाची गाठ निरखून पाहिली. मग सगळ्यांना एकेक सुकेळं वाटलं. म्हणाले, "बसा, वहिनी. भांग लागलाय. आता इथं कुणी हलायचं नाही."

जान्या म्हणाला, "सगल्या गावाला भांग हाय."

भांग. शिवरात्रीला आगाशीत एकदोघे पिऊन पडतात तेही लपूनछपून, आणि इथं अख्खं गाव. लाल डोळे, अर्धवट गाणं, विनाकारण हसू, सगळं जुळत होतं. त्यांचं व्याकरण मला खटकलं, भांग 'लागला' कसा, 'चढली' म्हणायला हवं. पण ज्यांचं पाणीसुद्धा 'भरला' असतं त्यांची भांग 'लागला' असणारच, असं मी शिकलेल्या बाईच्या मोठेपणानं समजून घेतलं.

त्या दिवशी मी चहा घेतला नाही. पाणी मात्र तळ्यावर जाऊन स्वतः ओंजळीनं प्याले. दोन वेळा शहाळं घेतलं, तेही माझ्यासमोर फोडायला लावून. पारूबाईनं ताज्या बोंबलांचं कालवण केलं. त्याचा मी आधी वास घेतला, मग जिभेला लावलं, मग धीर करून जेवले. जेवताना डोकं हलकं झालं तेव्हा वाटलं, झालं, आपणही गेलो. ते मिरचीमुळे होतं.

दुसऱ्या दिवशी मी भावोजींना विचारलं, "घरी कधी?" एवढं मोठ्यानं जमलं.

ते म्हणाले, "भांग सुटू द्या. मग बघू."

म्हणजे त्यांनाही सुटायला हवी होती. मला भडभडून आलं. सासूबाईंना काय सांगू, मुलीच्या वडलांना काय सांगणार? दुपारी बायका वलांडीखाली, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या मांडणीखाली, सावलीला बसल्या होत्या. मी पारूबाईजवळ सरकले आणि तिच्या कानात विचारलं, "पारूबाई, खरं सांगा. ही भांग इथं कोण आणून देतं?"

"कोन आनून देल?" ती म्हणाली. "चांद देते."

"कोण चांद?"

तिनं आकाशाकडे बोट केलं. दिवसाढवळ्या अर्धा चंद्र माडावर लटकला होता.

मग ती समजावायला लागली. पुनवेला आणि अवसेला दर्याला उधाण येतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा खुंटावर जाळी लावली की मासा आपोआप शिरतो. चंद्र अर्धा झाला की पाणी मरगळतं, ओढ राहत नाही, जाळी नुसती लोंबतात. त्या दिवसांना भांग म्हणतात. भांगात दर्यावर कुणी जात नाही. उधाणात रात्र-दिवस बघायचा नाही आणि भांगात हातपाय हलवायचे नाहीत. भावोजीही उधाणात जान्याबरोबर होडीवर जात होते, खाऱ्या पाण्यानं डोळे लाल होते ते त्याचे.

"तुला काय वाटला?" पारूबाईनं विचारलं.

मी सांगितलं. हळूच सांगितलं. तिनं इकडे तिकडे बघितलं, आणि ते गुपित पूर्ण गावाला सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी दिसले की माणसं मुद्दाम झिंगल्यासारखी चालत होती. देवळातले पुजारीसुद्धा मला बघून खांबाला टेकले.

भांगात

इथून पुढं लिहायला लाज वाटते, कारण पुढं मी काही केलं नाही.

सकाळी उठले आणि सवयीनं झाडू शोधायला लागले. म्हातारी म्हणाली, "ठेव गो. वारा झाडते." खरंच वारा अंगण झाडून गेला होता. मग मी भांडी घासायला घेतली, तर पारूबाईनं हातातून काढून घेतली. "भांग हाय," ती म्हणाली. तिथं सगळ्या प्रश्नांना हे एकच उत्तर. जाळं का शिवत नाहीस? भांग हाय. न्हाव्याकडे का गेला नाहीस? भांग हाय. एका म्हाताऱ्यानं तर बायकोच्या भांडणालाही हेच उत्तर दिलं, आणि ती मान हलवून निघून गेली, उधाणात बघते म्हणाली.

मला बसता येत नव्हतं. माझ्या घरी मी उकिडवी असते, नाहीतर वाकलेली, नाहीतर उभी. मांडी घालून बसते ती फक्त सत्यनारायणाला. पाय पसरून बसलेली बाई मी वाडीत पाहिली नव्हती. इथं बायका ओळीनं, भिंतीला पाठ लावून, दोन्ही पाय समोर सोडून बसतात आणि पुरुष त्यांच्या पायांना वळसा घालून जातात. मी बसायला सुरुवात केली ती गुडघे पोटाशी घेऊन. दुपारपर्यंत ते निम्मे खाली आले. दुसऱ्या दिवशी टाचा वाळूला लागल्या. एक पुरुष समोरून आला तेव्हा मी पाय ओढून घेणार होते, तोवर तो वळसा घालून गेलाही होता.

सगळ्यात मजा सागरगोट्यांची. आमच्याकडे हा खेळ लग्न होईपर्यंतचा. इथं सुना झालेल्या बायका त्यावर भांडतात. सागरगोटे मला जमतात हे मी विसरले होते. शाळेत एवढीच एक गोष्ट मला न बोलता करता यायची. मी जिंकत गेले. पारूबाई ओरडली, "अगो ही मुकी लबाड हाय." मला त्याचा इतका अभिमान वाटला की त्या रात्री बारस आठवलीच नाही.

चिंबोरी खायला शिकले. ती फोडताना एक नांगी उडून म्हातारीच्या कपाळावर बसली. वलांडीवर वाळत टाकलेलं माझं पातळ मांजरानं ओढून नेलं, कारण त्याला बोंबलांचा वास लागला होता. तिथली मांजरं इतकी सुखी आहेत की मासा पुढ्यात टाकला तर तोंड फिरवतात, पण माझ्या पातळावर तिघींनी संसार मांडला. ते मी परत मागितलं नाही. मागायला ओरडावं लागलं असतं.

रोज संध्याकाळी ठरवायची, उद्या भावोजींना वाक्य म्हणायचं. रोज सकाळी ते जाळ्यावर पडलेले दिसत आणि मी म्हणायची, पडलेल्या माणसाला काय सांगायचं, उठू देत. ते उठत तेव्हा मी बसलेली असे. ते लांबूनच माझ्याकडे बघत आणि हसत. मला वाटायचं, ते मला टाळताहेत.

एकादशी

एकादशीला उपास होता, पण त्याकडे बघायला वेळच मिळाला नाही. सकाळी उठले तर गावच बदललेलं. कालचे आळशी लोक आज धावत होते. जाळी खांद्यावर, पाण्याची पिंपं होडीत, बायका नवऱ्यांवर ओरडताहेत, कोंबड्या पायात. भांग सुटला होता. दोन दिवसांत पाण्याला ओढ येणार म्हणून दर्यात खुंट पाहायला होड्या आजच निघणार होत्या, आणि जान्याच्या होडीत दोरी गुंडाळत गजाभावोजी उभे होते.

पारूबाई माझ्याजवळ आली. "वैनी, तो गेला तं पुनव झाल्याबिगर नाय यायचा. आन पलीकडची होडी आथाच सुटते. काय ते बोल."

मी वाळूतून निघाले. वाक्य म्हणत निघाले. भावोजी, आईंनी प्राण डोळ्यांत. भावोजी, आईंनी डोळे. पाण्याशी पोचेपर्यंत वाक्याचे तुकडे झाले होते. सगळं गाव किनाऱ्यावर होतं. वारा भरलेला होता. भावोजींची पाठ माझ्याकडे होती. मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. पण जे आलं ते सासूबाईंचं वाक्य नव्हतं.

"भावोजी, पानी भरला."

मग मागून म्हातारी म्हणाली, "मुकी बोलली गो."

भावोजींनी वळून पाहिलं. दोरी जान्याच्या हातात दिली. किल्ल्यात या वाक्यावर कुणी वाद घालत नाही, ते ऐकलं की माणूस उठतो. ते होडीतून उतरले, पारूबाईच्या घरात गेले आणि गाठोडं घेऊन बाहेर आले. गाठोडं आधीच बांधलेलं होतं.

ते मला पलीकडच्या होडीत कळलं. या वेळी मी लुगडं खोचून स्वतः चालत जाऊन चढले होते, आणि पारूबाई किनाऱ्यावरून ओरडून माझ्या पोटऱ्यांचं कौतुक करत होती. मी भावोजींना विचारलं, "गाठोडं कधी बांधलंत?"

"सुकेळी आणलीत त्याच दिवशी. दादाची गाठ मी ओळखतो. सोपटाला तो दुहेरी गाठ मारतो, दुसरं कुणी मारत नाही. एकदोन दिवसांत निघणार होतो."

"मग निघाला का नाहीत? होडीवर दोरी गुंडाळत होतात ते?"

"जान्याची दोरी होती. तेवढी गुंडाळून उतरणार होतो." ते पाण्याकडे बघत होते. "वहिनी, तुम्ही आमच्याकडे आल्याला इतकी वर्षं झाली. तुम्हाला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी वलांडीखाली पाय सोडून बसलात ते लांबून बघितलं. म्हटलं, भांग आहे तोवर बसू दे."

म्हणजे ज्या दिवसांत मी त्यांना न्यायची हिंमत गोळा करत होते, त्या दिवसांत ते माझ्यासाठी थांबले होते. वारा होता हे बरं झालं, डोळ्यांत पाणी आलं ते खाऱ्या वाऱ्याचं म्हणून खपलं.

पुन्हा गिरीज

घरी आलो तेव्हा सासूबाईंनी आधी मुलाला जवळ घेतलं, मग माझा वास घेतला आणि मला मागच्या दारानं विहिरीवर पाठवलं. हे रहाटावर होते. भावोजी गेले आणि त्यांच्या हातातून कासरा घेतला. हे म्हणाले, "डावा बैल ओढत नाही." भावोजी म्हणाले, "बघतो." भांडण मिटलं.

बारशीला केळव्याचे पाहुणे आले, घर पाहिलं, वाडी पाहिली, मुलगा पाहिला. मुलीच्या वडलांनी विचारलं की मुलगा एवढा काळवंडला कशानं. सासूबाई म्हणाल्या, रहाटावर राबतो, उन्हाचं भान राहत नाही. सोयरीक ठरली.

तेव्हापासून माझी कीर्ती झाली आहे. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "दिसते गरीब, पण बोलायला लागली की समोरचा उठून चालायला लागतो." कुणी विचारतं, काय बोललीस गं. मी खाली बघते. त्यामुळे ते काहीतरी फार मोठं असणार असं सगळ्यांना वाटतं.

परवा वद्य अष्टमी झाली. जेवणं उरकली होती, भांडी पडली होती, ओटीवर ऊन आलं होतं. रहाटावरून भावोजींनी हाक दिली, "वहिनी, आज अष्टमी." एवढंच. मी हातातली कढई खाली ठेवली, ओटीवर आले, भिंतीला पाठ लावली आणि पाय समोर सोडले.

सासूबाई बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. "काय गं, अशी का बसलीस?"

"भांग आहे," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

त्या वाकल्या आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. मग माझ्या पायांना वळसा घालून पलीकडे गेल्या आणि भिंतीशी टेकल्या. पाय त्यांनी अजून पोटाशीच घेतले होते. पुढच्या अष्टमीला बघू.